यंत्रांतील गूढ आवाज व त्यांचा शोध

ज्या घरांत किंवा शाळेंत संगणक आहे, तेथें एक अनुभव बहुधा सर्वांस येऊन गेलेला असतो. मनुष्य आपल्या कामांत गढलेला असतो, त्यानें कोणतीहि कळ दाबलेली नसते, पडद्यावर कांहीं बदललेलेंहि दिसत नाहीं; आणि अशा वेळीं यंत्रांतून एकाएकीं 'टुंग' असा आवाज येतो. थोड्या वेळानें तो पुन्हां येतो, व मग दिवसभर येत राहतो. घरांतील मंडळी त्याचे निरनिराळे अर्थ लावतात. कोणी म्हणतो, यंत्रांत व्हायरस शिरला. कोणी म्हणतो, धाकट्यानें कांहीं तरी बिघडवून ठेवलें. आणि कोणी एकहि शब्द न बोलतां आवाज बंद करून यंत्रास मुकें करून टाकतो.

या तिन्ही उत्तरांत एक दोष समान आहे. तो हा कीं, तीं शोध करण्यापूर्वींच दिलेलीं आहेत. पहिल्या उत्तरांत भीति आहे, दुसऱ्यांत आरोप आहे व तिसऱ्यांत आळस आहे. परंतु कारण एकाहि उत्तरांत नाहीं. असा आवाज कोठून व कां येतो हें शोधून काढण्याची एक सरळ वाट आहे, व तीसाठीं मोठ्या तज्ज्ञाची गरज लागत नाहीं. ती वाट आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस दाखवावी, एवढ्याचसाठीं हा लेख आहे.

प्रथम यंत्रें आवाज कां करतात हें पाहूं. पूर्वीं तारेच्या कचेऱ्यांतून टेलिप्रिंटर नांवाचें यंत्र असे. त्यास एक लहानशी घंटा जोडलेली असे. दुसऱ्या गांवाहून ठराविक खूण आली कीं ती घंटा वाजे, व खोलींत दुसऱ्या कामांत असलेला तारबाबू यंत्राकडे धांव घेई. पुढें १९६३ सालीं अमेरिकेंत अक्षरें व अंक यांस ठराविक क्रमांक देणारी 'आस्की' नांवाची संहिता प्रसिद्ध झाली. तींत ७ हा क्रमांक कोणत्याहि अक्षरास न देतां घंटेसाठीं राखून ठेविला होता. म्हणजे संगणकाच्या वर्णमालेंतच घंटेला जागा मिळाली! मनुष्याचें लक्ष वेधणें, हाच त्या घंटेचा हेतु होता, आणि आजच्या सर्व सूचक आवाजांचाहि हेतु तोच आहे.

१९८१ सालीं आय्. बी. एम्. कंपनीनें आपला 'पर्सनल काँप्युटर' विक्रीस काढला. त्याच्या पेटींत एक लहान स्पीकर होता. यंत्र चालू होतांच तें आपल्या अवयवांची तपासणी करी. सर्व ठीक असल्यास एकच आखूड 'बीप' होई. एक लांब व दोन आखूड आवाज झाले, तर चित्र दाखविणाऱ्या भागांत बिघाड आहे असें समजावें. पडदाच चालत नसेल, तर यंत्रानें आपलें दुखणें लिहून तरी कसें दाखवावें? म्हणून तें आवाजानें सांगे. निरनिराळ्या कारखान्यांच्या यंत्रांत या खुणा निरनिराळ्या असल्यामुळें त्या त्या यंत्राची पुस्तिका पाहणें हाच त्यांतला खरा कोश होय.

पुढें ध्वनि-कार्ड आलें, आणि 'बीप'च्या जागीं मुद्रित केलेले सूर वाजूं लागले. १९९५ सालच्या विंडोजमध्यें यंत्र सुरू होतांना वाजणारा सूर तर ब्रायन ईनो या इंग्लिश संगीतकारानें रचलेला होता. सूर गोड झाले, तरी नियम बदलला नाहीं. प्रत्येक सूर कोणत्या ना कोणत्या घटनेशीं बांधलेला असतो, व ती घटना घडली म्हणजेच तो वाजतो. म्हणून 'आवाज उगीच येतो' हें वाक्य आपण आपल्या बोलण्यांतून काढून टाकावें. आवाज उगीच येत नाहीं. त्याचें कारण आपणांस अद्याप कळलेलें नसतें, इतकेंच.

हें कारण शोधतांना चार प्रश्न क्रमानें विचारावे. आवाज कोणत्या वस्तूंतून येतो? तो कोणत्या प्रोग्रॅमचा आहे? तो कोणत्या घटनेचा सूचक आहे? आणि ती घटना कशामुळें घडते? पहिल्याचें उत्तर मिळाल्यावांचून दुसऱ्याकडे वळूं नये.

पहिला प्रश्न क्षुल्लक वाटतो, परंतु पुष्कळांची फसगत येथेंच होते. आवाज संगणकाचाच आहे असें गृहीत धरूं नये. वीज गेली कीं टेबलाखालचा यू. पी. एस्. ओरडूं लागतो, आणि त्याची बॅटरी जीर्ण झाली असेल तर कित्येकदां वीज असतांनाहि ओरडतो. दप्तरांत राहिलेला मोबाइल वाजतो. अमेरिकेंत राहणाऱ्या आपल्या आप्तांच्या घरीं छताला धुराची सूचना देणारें लहानसें यंत्र असतें. त्याची बॅटरी संपत आली कीं तें थोड्या थोड्या अंतरानें एकच बारीक चीत्कार करतें, व घरांतील माणसें संगणक उलथापालथा करीत बसतात.

कान असे कां फसतात, याचें कारण पदार्थविज्ञानांत आहे. आवाजाची दिशा आपण दोन प्रकारें ओळखतों, हें लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञानें १९०७ सालीं स्पष्ट केलें. आवाज खर्ज असेल, तर तो जवळच्या कानास किंचित् आधीं व दूरच्या कानास किंचित् मागाहून पोंचतो, आणि एवढ्याशा अंतरावरून मेंदू दिशा ताडतो. आवाज फार उंच असेल, तर डोक्याच्या आडोशामुळें तो दूरच्या कानास क्षीण ऐकूं येतो. परंतु सेकंदास सुमारें ३,००० कंपनें असलेल्या आवाजांत या दोन्ही खुणा दुबळ्या पडतात. त्यांतून आवाज क्षणभरच टिकणारा व खोलीच्या भिंतींवरून परतणारा असला, म्हणजे तो कोठून आला हें कानांनीं निश्चित सांगणें कठीण होतें. म्हणून येथें कानांपेक्षां युक्तीवर भिस्त ठेवावी. संगणकाचा आवाज पूर्णपणें बंद करावा व वाट पाहावी. तरीहि तोच सूर ऐकूं आला, तर तो स्पीकरवाटे येत नाहीं हें सिद्ध झालें. मग पेटींतील लहान स्पीकर, यू. पी. एस्., मोबाइल व घड्याळें यांकडे वळावें. आवाज बंद करणें हें औषध नव्हे. परंतु परीक्षा म्हणून तें फार उपयोगी आहे.

आवाज संगणकाचाच ठरला, तर दुसरा प्रश्न : कोणत्या प्रोग्रॅमचा? एकाच वेळीं पडद्यामागें कितीतरी प्रोग्रॅम चालूं असतात. विंडोजमध्यें 'व्हॉल्यूम मिक्सर' नांवाचें एक दालन आहे. त्यांत आवाज करणाऱ्या प्रोग्रॅमांचीं नांवें ओळीनें दिसतात व प्रत्येकाचा आवाज वेगळा कमी करतां येतो. एकेकाचा आवाज कमी करून पाहावा. ज्याचा कमी केल्यावर तो सूर नाहींसा होतो, तो आपला प्रोग्रॅम. ब्राउझरमध्यें अनेक पानें उघडीं असतील, तर जें पान वाजत असेल त्याच्या टॅबवर स्पीकरचें लहान चिन्ह उमटतें. तेवढ्यानेंच पुष्कळ वेळां काम भागतें. परंतु 'सिस्टम साउंड्स' या ओळींतून आवाज येत असेल, तर तो खुद्द यंत्राच्या कारभाराचा सूर आहे असें समजून तिसऱ्या प्रश्नाकडे जावें.

तिसरा प्रश्न : कोणत्या घटनेचा? 'साउंड' या दालनांत घटनांची यादी असते. तींतील एकेक नांव निवडून 'टेस्ट' हें बटण दाबलें कीं त्या घटनेचा सूर ऐकूं येतो. आपण ऐकलेल्या सुराशीं तो ताडून पाहावा. दोन सूर फार सारखे वाटले, तर त्यांपैकीं एकास मुद्दाम अगदीं वेगळा सूर नेमून द्यावा. पुढच्या वेळीं कोणता वाजतो यावरून निकाल लागतो. यादी चाळण्यापूर्वीं आणखी एक गोष्ट पाहावी. शिफ्टची कळ एकापाठोपाठ पांच वेळां दाबली गेली, तर यंत्र आवाज करून 'स्टिकी कीज' नांवाची सोय चालूं करावयाची कीं काय असें विचारतें. एका हातानें टंकन करणाऱ्या लोकांसाठीं ती सोय आहे. त्याचप्रमाणें 'टॉगल कीज' ही सोय चालूं झाली असेल, तर कॅप्स लॉकची कळ दाबतांच सूर येतो. हिशेबाच्या वह्या संगणकावर उतरविणाऱ्या कित्येकांना वाटणारें गूढ आपल्याच बोटांतून निघालेलें असतें.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तो उदाहरणानें अधिक स्पष्ट होईल. आमच्या माहितींतील एका शाळेच्या संगणक-कक्षांत एका यंत्रांतून मधून मधून दोन सूर येत. प्रथम उतरता व लगेच चढता. आठवीच्या वर्गांतील एक मुलगा तेथें बसला कीं ते हटकून येत. दुसरा कोणी बसला, तर येत नसत. हां हां म्हणतां वर्गांत बोभाटा झाला कीं, तो मुलगाच कांहीं तरी खोडी करतो. त्यानें पुष्कळ नाकारलें. परंतु प्रत्यक्ष पुरावा त्याच्या विरुद्ध होता. वडिलांस चिठ्ठी पाठवावी, असाहि विचार निघाला. आम्हांस तो कळला, तेव्हां आम्हीं एवढेंच सुचविलें कीं, चिठ्ठी सहा दिवस थांबवावी व तितके दिवस एक वही यंत्राजवळ ठेवावी. आवाज आला कीं वार, वेळ, तेथें कोण बसलें होतें व काय चाललें होतें, एवढें तींत लिहावें.

सहा दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्यांपैकीं नऊ त्या मुलाच्या होत्या. येथेंच कोणी वही मिटली असती, तर तो मुलगा दोषी ठरला असता. परंतु उरलेल्या दोन नोंदींच्या वेळीं यंत्रापुढें कोणीहि बसलेलें नव्हतें. शाळेचे शिपाई टेबलाखालचा केर काढीत होते. नऊ नोंदींहून या दोनच अधिक बोलक्या होत्या. केरसुणी व तो मुलगा यांत समान असें काय आहे, हा प्रश्न विचारतांच शोधाची दिशा बदलली.

आतां तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर उपयोगीं पडलें. यादींतील सूर ताडून पाहतां, उतरता सूर म्हणजे एखादें उपकरण यंत्रापासून सुटल्याची सूचना व चढता सूर म्हणजे तें पुन्हां जोडलें गेल्याची सूचना, हें ठरलेलें होतें. मग 'डिव्हाइस मॅनेजर' हें दालन उघडून ठेवलें. त्यांत जोडलेल्या सर्व उपकरणांचीं नांवें असतात. पुढच्या वेळीं सूर आला तेव्हां त्या यादींतून कॅमेऱ्याचें नांव क्षणभर नाहींसें होऊन परत आलें. त्या तासास कॅमेरा कोणी वापरीत नसल्यामुळें तो सुटल्याचें कोणाच्या ध्यानांत येत नसे. त्याची तार टेबलाच्या फळीखालून नेलेली होती, व तिचा एक सांधा सैल झाला होता. तो मुलगा वर्गांत सर्वांत उंच. बसतांना त्याचा गुडघा नेमका त्या सांध्यास लागे. इतरांचे गुडघे तेथवर पोंचत नसत. केरसुणी मात्र पोंचत असे.

तरीहि शोध येथें पुरा झाला असें कोणीं मानलें नाहीं. त्या सांध्यास हातानें धक्का देऊन पाहिला, सूर आला. पुन्हां दिला, पुन्हां आला. मग तार बदलली, व त्याच मुलास त्याच जागीं बसविलें. त्यानंतर सूर आला नाहीं. कारण हातीं लागलें, असें केव्हां म्हणावें? जेव्हां तें आपल्या इच्छेनें घडवितां येतें व आपल्या इच्छेनें थांबवितां येतें, तेव्हां. तोंपर्यंत आपल्यापाशीं असतो तो केवळ संशय.

या उदाहरणांत 'तो मुलगा बसला कीं आवाज येतो' हें विधान अगदीं खरें होतें. त्यावरून काढलेलें 'म्हणून तो खोडी करतो' हें अनुमान मात्र खोटें होतें. दोन गोष्टी बरोबर घडतात, एवढ्यावरून एकीनें दुसरी मुद्दाम घडविली असें ठरत नाहीं. हा धडा आम्हांस संगणकाच्या ज्ञानाहून मोठा वाटतो. कारण यंत्राची तार दहा मिनिटांत बदलतां येते, परंतु वर्गांत एकदां गेलेली पत तितक्या लवकर परत येत नाहीं.

मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाहि याच वाटेनें जावें लागतें. आपल्या पुणें जिल्ह्यांत खोडद येथें ३० तबकड्यांची मोठी रेडिओ दुर्बीण आहे, हें पुष्कळांस ठाऊक असेल. तशीच ६४ मीटर व्यासाची एक दुर्बीण ऑस्ट्रेलियांत पार्क्स येथें १९६१ सालापासून आहे. तिच्या २००१ सालच्या नोंदींत अतिदूर अवकाशांतून आलेली दिसणारी एक क्षणिक रेडिओ-लहर २००७ सालीं सांपडली, व ज्योतिर्विदांस मोठा आनंद झाला. परंतु त्याच दुर्बिणीच्या १९९८ पासूनच्या नोंदींत तिच्यासारख्या दिसणाऱ्या, पण पृथ्वीवरूनच उठणाऱ्या, अशा कांहीं लहरीहि आढळून आल्या. त्यांना 'पेरिटॉन' असें नांव मिळालें. त्यांचें मूळ कळेना. आणि त्यामुळें दूरच्या खऱ्या लहरीवरहि संशयाची छाया पडली.

एमिली पेट्रॉफ व त्यांचे सहकारी यांनीं २०१५ सालीं या नोंदींच्या वेळा ताडून पाहिल्या. पेरिटॉन रात्रीं येत नसत. माणसें कामावर असण्याच्या वेळींच येत. त्याच सुमारास बसविलेल्या एका नव्या उपकरणानें दाखविलें कीं, पेरिटॉन येतो त्या क्षणीं २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास दुसरीहि एक लहर उठते. स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टी याच टप्प्यांत चालते! मग प्रयोग झाला. भट्टी चालूं असतां ती आपोआप बंद होण्याची वाट न पाहतां कोणीं दार ओढून उघडलें, कीं क्षणभर लहर बाहेर पडे व दुर्बीण त्या दिशेस वळलेली असल्यास तींत पेरिटॉन उमटे. जेवण गरम करणाऱ्या कोणाचा तरी उतावळेपणा एवढेंच त्या गूढाचें मूळ होतें. परंतु तें सांपडल्यामुळेंच अवकाशांतील खऱ्या लहरींवरील संशय दूर झाला. खरें कारण सांपडलें कीं निरपराधी आपोआप सुटतो, हा न्याय वर्गांत जसा, तसाच वेधशाळेंतहि लागू पडतो.

आतां यंत्रास मुकें करून टाकणाऱ्यांविषयीं दोन शब्द. १९९७ नंतर बनलेल्या कित्येक संगणकांत एक चमत्कारिक प्रकार घडे. यंत्र चालूं असतां त्याच्या पेटींतील लहान स्पीकरमधून बेथोव्हेनच्या 'फ्यूर एलीझे' या प्रसिद्ध रचनेचे सूर आपोआप वाजूं लागत. लोकांस तो व्हायरस वाटे. वस्तुतः ती मुद्दाम केलेली योजना होती. यंत्राच्या मुख्य भागास थंड ठेवणारा पंखा बंद पडत असला, किंवा विजेचा दाब मर्यादेबाहेर जात असला, म्हणजे यंत्राच्या मूळ आज्ञावलींतून ही सूचना दिली जात असे. मायक्रोसॉफ्ट कंपनीस आपल्या मदत-लेखांत याचा खुलासा करावा लागला. ज्यानें त्या गाण्याचा अर्थ शोधला, त्यानें थोडक्या खर्चांत पंखा बदलून यंत्र वांचविलें असेल. ज्यानें स्पीकरची तारच तोडून टाकली, त्याच्या यंत्रास मात्र शांतपणें तापत राहण्यावांचून दुसरा मार्ग उरला नसेल.

पालकांस येथें एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. कांहीं आवाज खोटेहि असतात. इंटरनेटवरील एखादें पान उघडतांच पडदा लाल होतो, कर्कश भोंगा वाजूं लागतो व 'आपला संगणक धोक्यांत आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा' असा मजकूर झळकतो. हा आवाज यंत्राचा नसून त्या पानाचा असतो, व तो सूचना देण्यासाठीं नव्हे तर घाबरविण्यासाठीं वाजविलेला असतो. तेथें दिलेल्या क्रमांकावर फोन करूं नये, कोणासहि यंत्राचा ताबा देऊं नये व पैसे पाठवूं नयेत. पान बंद होत नसेल, तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबून 'टास्क मॅनेजर' उघडावा व त्यांतून ब्राउझर बंद करावा. भोंगा त्याबरोबर थांबतो. ब्राउझर बंद होतांच थांबणारा आवाज हा ब्राउझरचाच, हें आपल्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर येथेंहि लागू पडतें. यदाकदाचित् कोणी फसलाच, तर लाजेनें गप्प न बसतां १९३० या सरकारी मदत-क्रमांकावर लगेच कळवावें. जितका उशीर, तितका पैसा परत मिळण्याचा संभव कमी.

विद्यार्थिमित्रांनो, या लेखांतील दालनांचीं व बटणांचीं नांवें कांहीं वर्षांनीं बदलतील. यंत्रें तर बदलत राहणारच. चार प्रश्नांचा क्रम मात्र बदलणार नाहीं. आधीं ऐकावें, मग लिहून ठेवावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावी. आणि आपल्या मताविरुद्ध जाणारी नोंद हातीं आली, तर ती खोडून न टाकतां तिच्याकडेच अधिक लक्ष द्यावें. एक वही, एक पेन्सिल आणि थोडा धीर, एवढेंच साहित्य या शोधास लागतें, व तें प्रत्येक दप्तरांत असतें.